कमी वजनाच्या बाळाला ऊब फक्त पेटीतच (इनक्युबेटरमध्ये) मिळते?

"बाळ दीड किलोचं आहे, पेटीतून काढू नका, गारठेल," असं एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर) बसलेले नातेवाईक हमखास सांगतात. हे खरं नाही. टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवतात, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला वळवून, आणि वरून कापड बांधतात. आईच्या अंगाची ऊब त्याचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राखते. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी सुरू केली, कारण पेट्या पुरत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून ती जन्मानंतर लगेच, दिवसाला ८ ते २४ तास द्यायला सांगते. बाळ फारच अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी. आई दमली तर बाबांनी घ्यावं, आजीनेही!