बोटावरचं ९८

२०२१च्या उन्हाळ्यात आमच्या घरात दिसेल त्याच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लागत होता. मावशीला कोविड झालाच नव्हता, पण दोन जिने चढली की ती पायरीवरच बसायची. चिमटा लावावा तर ९८. "ऑक्सिजन तर झकास आहे, मग धाप कशाची?" वयाची, वजनाची, असं आम्हीच ठरवून टाकलं. शेवटी डॉक्टरांनी सीबीसी ही रक्ततपासणी करायला लावली आणि एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, निघालं ७.४.

चिमटा खोटं बोलत नव्हता. आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारत होतो.

रक्तात ऑक्सिजन नुसता विरघळून फारसा जात नाही. १०० मिलिलिटर रक्तात असा जेमतेम ०.३ मिलिलिटर मावतो. स्वस्थ बसलेल्या माणसालाही मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. सगळी भिस्त विरघळण्यावर असती, तर हृदयाला मिनिटाला ८० लिटरहून जास्त रक्त फिरवावं लागलं असतं. प्रत्यक्षात ५ लिटरमध्ये भागतं, ते हिमोग्लोबिनमुळे. १५ एचबी असलेल्या माणसाचं १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन घेऊन निघतं.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात, म्हणजे ऑक्सिजनसाठी चार जागा. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा आठवा. (चौथी सीट ड्रायव्हरशेजारची. बेकायदा, पण आहे.) रिकाम्या रिक्षात पहिलं कुणी बसत नाही, कारण भरल्याशिवाय ती हलणार नसते. एक जण बसला की मात्र बाकीचे पटापट येतात. हिमोग्लोबिनचंही तसंच. पहिला ऑक्सिजन चिकटायला वेळ लावतो, पण तो चिकटला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं होतं. उतरतानाही एक उतरला की दुसऱ्याची पकड सैल होते. या रेणूची रचना क्ष-किरणांच्या मदतीनं उलगडली मॅक्स पेरुट्झ यांनी. १९६२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना जॉन केंड्रू यांच्यासोबत मिळालं.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि रिक्षांमधल्या किती टक्के जागा भरल्यात ते सांगतो. स्टँडवर रिक्षा किती आहेत, ते तो मोजत नाही. मावशीच्या रक्तात रिक्षाच निम्म्या होत्या. सगळ्या भरलेल्या, म्हणून ९८.

ही हिमोग्लोबिनं वाहून नेणारी तांबडी पेशी हा अजब प्रकार आहे. तिच्यात केंद्रक नाही आणि ऑक्सिजन जाळणारी मायटोकॉन्ड्रियाही नाहीत. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण ही सुमारे १२० दिवस ऑक्सिजन वाहते आणि त्यातला कणही स्वतः वापरत नाही.

धरून ठेवणं एक वेळ सोपं, योग्य ठिकाणी सोडणं अवघड. विश्रांतीत सरासरी चारातला एकच ऑक्सिजन उतरतो, तिघे तसेच फुप्फुसाकडे परततात. जिना चढताना मांडीचे स्नायू कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल सोडतात, तापतातही, आणि नेमक्या याच गोष्टींनी हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. जिथे काम जास्त, तिथे जास्त ऑक्सिजन उतरतो. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४मध्ये डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी दाखवला. अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोर यांचे हे वडील.

परतीच्या मालाची तऱ्हा वेगळी. कार्बन डायऑक्साइडचा थोडा भाग रक्तात विरघळतो, थोडा हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला चिकटतो (लोहाला नाही, त्या जागा ऑक्सिजनच्या). पण ७० टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वेश पालटून जातो. तांबड्या पेशीत पाण्याशी संयोग होऊन त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, म्हणजे सोड्याच्या बाटलीत असतं तेच. मग त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते पेशीबाहेर पडून रक्तद्रवातून वाहत जातं. एरवी ही क्रिया रेंगाळत होते आणि केशवाहिनीत तर रक्त क्षणभरच थांबतं. म्हणून तांबड्या पेशीत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणूंचा निकाल लावतो. फुप्फुसात हेच सगळं उलट होतं आणि बाटलीचं बूच काढल्यासारखा वायू बाहेर पडतो.

श्वास रोखून धरा. थोड्याच वेळात जीव कासावीस होतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. मेंदूचं जास्त लक्ष त्याच्यावर असतं. कोविडमध्ये ८० ऑक्सिजनवरही काही जण फोनवर गप्पा मारत होते, त्याचं एक कारण हेच. आजारी फुप्फुसातूनही कार्बन डायऑक्साइड निघून जात होता, त्यामुळे मेंदूची घंटा जोरात वाजलीच नाही.

ऑक्सिमीटर आणखी एका ठिकाणी फसतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्टपणे त्या लोहाला धरतो. उतारू बसलेत, पण उतरायचं नाव नाही. चिमट्याला हे उतारू आणि ऑक्सिजन सारखेच दिसतात, त्यामुळे बेशुद्ध माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो. अशा वेळी आकडा बघत बसू नये. आधी त्याला उघड्या हवेत आणावं आणि गिझरबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

मावशीच्या अंगावरून जास्त जात होतं, आणि तेही ती वर्षभर कुणाला बोलली नव्हती. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी एचबी ११च्या वर गेलं आणि ती दोन जिने न थांबता चढून आली. आल्या आल्या हौसेनं चिमटा लावला. ९८च.