बर्नेट, सर फ्रँक मॅक्‌फर्लेन

(३ सप्टेंबर १८९९ – ३१ ऑगस्ट १९८५). ऑस्ट्रेलियन विषाणुशास्त्रज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ. उपार्जित प्रतिरक्षा-सह्यतेच्या (परक्या ऊती न नाकारण्याची शरीराने मिळवलेली क्षमता) शोधासाठी त्यांना व पीटर मेडावर यांना १९६० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जन्म व्हिक्टोरिया राज्यातील ट्रॅरॅल्गन येथे. वैद्यकीय शिक्षण मेलबर्न विद्यापीठात. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये जीवाणुभक्षी विषाणूंवर संशोधन. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये ते परतले त्याच सुमारास, १९२८ मध्ये, क्वीन्सलँड राज्यातील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचलेली १२ मुले दगावली. लशीच्या बाटलीत स्टॅफिलोकोकस जीवाणू वाढले होते, हे दाखवणाऱ्या तपासणीत बर्नेट यांचा मोठा वाटा होता. १९३१ मध्ये त्यांनी व जीन मॅक्‌नमारा यांनी पोलिओच्या विषाणूचे एकाहून अधिक प्रकार असल्याचे दाखवले. पोलिओच्या लशीचा विचार पुढे या मुद्द्याला धरूनच करावा लागला. क्यू तापाच्या जंतूला ‘कॉक्सिएला बर्नेटी’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवण्याची मूळ पद्धत अमेरिकेतील गुडपाश्चर व वुडरफ यांची. ती नेमकी आणि भरवशाची केली बर्नेट यांनी. दहा-बारा दिवस उबवलेले अंडे दिव्यासमोर धरले की कवचाआडून गर्भाच्या रक्तवाहिन्या दिसतात. वाहिनी चुकवून छिद्र पाडायचे, आतल्या पातळ आवरणावर विषाणूचा थेंब सोडायचा आणि छिद्र बंद करून अंडे पुन्हा उबेला ठेवायचे. काही विषाणूंमुळे त्या आवरणावर पांढरट ठिपके उठतात. ते मोजले की विषाणूचे प्रमाण कळते. इन्फ्ल्यूएंझाच्या लशीचा मोठा भाग आजही अंड्यांतच तयार होतो.

१९४९ मध्ये फ्रँक फेनर यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की ‘स्व’ कोणते व ‘पर’ कोणते, हे शरीर गर्भावस्थेत शिकते. याला आधार रे ओवेन यांच्या १९४५ च्या निरीक्षणाचा होता: गर्भाशयात रक्ताभिसरण जोडले गेलेल्या जुळ्या वासरांमध्ये एकमेकांच्या रक्तपेशी पुढेही टिकून राहतात. बर्नेट यांचे स्वतःचे कोंबडीच्या गर्भावरील प्रयोग मात्र फसले. प्रायोगिक पुरावा १९५३ मध्ये मेडावर, बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दिला.

प्रतिरक्षेच्या अनेक पेशींतून परक्या पदार्थाला जुळणारी पेशी निवडली जाते आणि तिचेच वंशज (क्लोन) वाढतात, हा बर्नेट यांचा क्लोन-निवड सिद्धांत. त्याच्या अग्रहक्काविषयी मतभेद आहेत; बर्नेट यांनी इतरांचे श्रेय घेतले, असाही आक्षेप आहे. जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिक यांच्या पार्श्वशृंखला कल्पनेत (पेशीवर आधीपासून असलेल्या ग्राहकांना बाहेरचा पदार्थ चिकटतो; सुमारे १९००) त्याचे बीज पाहणारेही आहेत. प्रतिपिंडे (परक्या पदार्थांना चिकटणारी प्रथिने) शरीरात आधीपासूनच असतात आणि प्रतिजन (असा परका पदार्थ) त्यांतून निवड करतो, असे नील्स येर्ने यांनी १९५५ मध्ये मांडले. पण ही निवड त्यांनी रक्तातील रेणूंची मानली. निवड पेशींची होते, हा विचार डेव्हिड टॅल्मेज यांनी १९५७ मधील आढावा लेखात मांडला. बर्नेट यांनी तो वाचला होता आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही केला. बर्नेट यांचा हा लेख अवघ्या दोन-तीन पानांचा असून तो १९५७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील एका नियतकालिकात आला. त्याचे शीर्षकच येर्ने यांच्या सिद्धांतात केलेला बदल असे आहे. त्यामुळे बर्नेट यांनी श्रेय बळकावले, हा आक्षेप टिकत नाही. एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड करते, प्रतिजन भेटल्यावर तिचेच वंशज वाढतात आणि स्वतःच्याच ऊतींवर उलटणारे ‘निषिद्ध’ क्लोन गर्भावस्थेतच नष्ट होतात, ही सुसंगत मांडणी बर्नेट यांची मानणे अधिक योग्य वाटते.

१९५८ मध्ये गुस्ताव्ह नोसल व जोशुआ लेडरबर्ग यांनी वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्येच ही मांडणी तपासली. दोन प्रकारचे साल्मोनेला टोचलेल्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांच्या लसिकाग्रंथींतील पेशी त्यांनी एकेका सूक्ष्म थेंबात ठेवल्या आणि थेंबात वळवळणारे जीवाणू सोडले. ज्या पेशी प्रतिपिंडे करीत होत्या, त्यांच्या थेंबात एकाच प्रकारचे जीवाणू थबकत. दुसऱ्या प्रकारचे पोहतच राहत. म्हणजे एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड करीत होती.

या संस्थेचे संचालकपद बर्नेट यांच्याकडे १९४४ ते १९६५ या काळात होते. १९५७ मध्ये त्यांनी संस्थेचे काम विषाणूंकडून प्रतिरक्षाशास्त्राकडे वळवले. त्याआधी, १९५१ मध्ये, सशांच्या नायनाटासाठी सोडलेल्या मिक्सोमा विषाणूमुळेच माणसांना मेंदूज्वर होतो अशी भीती पसरली, तेव्हा बर्नेट, फेनर व इयन क्लूनीस रॉस यांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांपैकी कोणीही आजारी पडले नाही.