फिडल स्वयंपाकघरातून पबात कशी आली

आयर्लंडमधल्या पबात सात-आठ हौशी वादक टेबलाभोवती बसून रील (नाचाची एक जलद चाल) वाजवताना दिसले, की ही शतकांची रीत असावी असं वाटतं. चालींपैकी बऱ्याच खरोखरच अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. एकत्र बसण्याची ही पद्धत मात्र जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे, आणि तिने मूळ धरलं ते लंडनमध्ये.

त्याआधी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजायची ती नाचासाठी. शेतघराच्या स्वयंपाकघरात टेबल भिंतीला सरकवायचं, एक-दोन वादक चुलीजवळ बसायचे. रीलचे ८ बारचे (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा) दोन भाग, प्रत्येक दोनदा, असं ३२ बारांचं आवर्तन आजही वाजतं, कारण नाचणाऱ्यांच्या आकृत्या ८ बारांत बसत.

हे घरगुती नाच बंद कसे पडले, यावर अजून वाद आहे. १९३५ साली, पाद्रीवर्गाच्या रेट्यामुळे, सार्वजनिक नाचासाठी जिल्हा न्यायालयाचा परवाना सक्तीचा झाला. ‘सार्वजनिक नाच’ म्हणजे सर्वांना खुला आणि हजर असलेल्यांना ज्यात भाग घेता येतो असा नाच, अशी व्याख्या कायद्यात आहे. ‘जागा’ या शब्दात इमारत, तिचा एखादा भाग, अंगण, बाग, कुठलीही बंदिस्त जागा, छप्पर असो वा नसो, सगळं येतं. शेजाऱ्यांना बोलावून केलेल्या घरच्या नाचाचं नाव त्यात कुठेच नाही. पण अडचणीतल्या कुटुंबासाठी दारात चार पैसे जमवले, तर तो नाच ‘खुला’ ठरतो का? या एका शब्दावर घरांमध्ये पोलिस शिरले आणि खटलेही भरले गेले. घरातली फिडल कायद्यानेच संपवली, असं अनेक जुने वादक मानत. स्थलांतर आणि ग्रामोफोन यांनी ते काम आधीच सुरू केलं होतं, असं दुसरी बाजू म्हणते. दुसऱ्या बाजूतही तथ्य आहे. तरी कायद्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या धाकाने जास्त नुकसान केलं, हे मान्य करावंच लागेल. परवाना मिळालेल्या मोठ्या हॉलमध्ये एकट्या फिडलचा आवाज पुरेना. तिथे पियानो आणि ड्रमसह बँड आले, आणि गावातला एकटा वादक मागे पडला.

१९५०च्या दशकात सुमारे ४ लाख माणसं आयर्लंड सोडून गेली. लंडनमध्ये बांधकामावर राबणाऱ्यांच्या भाड्याच्या खोलीत फिडल वाजवणं अवघड होतं, म्हणून कॅम्डन टाउनसारख्या भागातले पब हेच बैठकीचं ठिकाण झाले. तिथे नाचायला जागा नव्हती, त्यामुळे वादकांच्या खुर्च्या एकमेकांकडे वळल्या. आयर्लंडमधल्या मलिंगार गावात १९५१ साली संगीतमेळा सुरू झाला आणि १९६०च्या दशकात ही बैठक आयर्लंडच्या पबांतही रुळली.

चाली जोडून वाजवण्याच्या सवयीवर तबकडीची छाप आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची आणि रीलचं एक आवर्तन साधारण ३५ सेकंदांचं, म्हणजे दोन-तीन चाली मिळून पाच आवर्तनं बसत. १९३४ साली आयर्लंडमधल्या स्लायगोच्या एका वादकाने न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केलेली तीन रीलांची लड आजही त्याच क्रमाने वाजते.

नाच गेला तसा वेगाला लगाम राहिला नाही, आणि त्याचा पहिला फटका हौशी वादकाच्या रोलला, म्हणजे एका स्वराभोवतीच्या झटपट अलंकाराला, बसतो. डी तारेवर पहिल्या बोटाचा ई घ्या. क्रम असा: ई, तिसऱ्या बोटाचा निसटता स्पर्श, ई, मोकळ्या डीची झलक, ई. हे सगळं गजाच्या एकाच ओढीत, तीन आठव्यांच्या (आठवा म्हणजे बारचा आठवा हिस्सा) वेळेत. पहिला ई पूर्ण एक आठवा टिकायला हवा. घाईत पाचही स्वर सारखे होतात आणि ठेका सांडतो. तिसरं बोट पट्टीपर्यंत दाबलं, तर जी स्पष्ट ऐकू येतो आणि ती पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली नक्षी होऊन बसते. बोटाने तारेला टिचकी मारून लगेच सुटावं.

या संगीताला अनेकदा ‘केल्टिक’ म्हणतात. हा शब्द १७०७ साली भाषाकुळासाठी रूढ झाला. संगीताला तो चिकटवला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या महोत्सवांनी आणि तबकडीविक्रेत्यांनी. वाजवणारे आयरिश लोक ‘ट्रॅड’ (ट्रॅडिशनल, पारंपरिक) म्हणतात, आणि तेच अचूक आहे.

बैठकीत चाल बदलण्याची खूण आजही अगदी साधी आहे. शेवटच्या आवर्तनात चाल सुरू करणारा वादक मान वर करतो किंवा ‘हप्’ म्हणतो आणि न थांबता पुढची चाल धरतो. बाकीचे एक-दोन बार कानोसा घेऊन मग आत शिरतात.