१३ महिन्यांचं कॅलेंडर आणि वर्ल्ड कॅलेंडर, दोन्ही एकच नाहीत

कॅलेंडर बदलायचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं की ते १३ महिन्यांचं वर्ल्ड कॅलेंडर होतं ना, जे संयुक्त राष्ट्रांत गेलं होतं. आता या एका वाक्यात दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ झालीये. १३ महिन्यांचं होतं ते इंटरनॅशनल फिक्स्ड कॅलेंडर, आणि संयुक्त राष्ट्रांत गेलं ते वर्ल्ड कॅलेंडर, त्यात महिने १२च होते. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून एकदा नीट मांडून ठेवतो.

गोंधळ होण्याचं कारण समजण्यासारखं आहे, कारण दोन्ही योजना लांबून बघितल्या तर जुळ्या बहिणी वाटतात. दोन्हींमध्ये १ जानेवारी कायम रविवार, दरवर्षी त्याच तारखेला तोच वार, वर्षाच्या शेवटी एक दिवस असा की ज्याला वारच नाही, आणि लीप वर्षात तसाच अजून एक बिनवाराचा दिवस जून संपल्यावर लगेच. म्हणजे भिंतीवर एकदा टांगलं की ते कॅलेंडर कधी बदलायलाच नको. आपल्या आताच्या कॅलेंडरचे १४ प्रकार होतात (वर्ष सातपैकी कुठल्याही वारी सुरू होऊ शकतं, आणि ते साधं किंवा लीप), तिथे एकावर काम भागतं.

हे सगळं ज्या गणितावर उभं आहे ते अगदी साधं आहे. ३६५ ला ७ ने भागा, ५२ आठवडे होतात आणि १ दिवस उरतो. हा उरलेला एक दिवस दरवर्षी तारखा आणि वारांची जोडी एका घराने पुढे ढकलतो, लीप वर्ष मध्ये आलं की दोन घरांनी. दोन्ही योजना म्हणतात की हा उरलेला दिवस आठवड्यात धरूच नका, म्हणजे राहिले ३६४. आणि खरा फरक इथून पुढे आहे, की या ३६४ चे तुकडे कसे पाडायचे.

मोझेस कॉट्सवर्थ नावाचा इंग्रज माणूस रेल्वेच्या हिशोबाच्या कामात होता. एका महिन्याच्या कमाईची दुसऱ्या महिन्याशी तुलना करायची, पण एक महिना २८ दिवसांचा तर दुसरा ३१ चा, एकात रविवार चार तर दुसऱ्यात पाच, मग धंदा खरंच वाढला की महिनाच मोठा होता हे कळणार कसं? त्याने १९०२ मध्ये उत्तर काढलं ते असं की ३६४ ला २८ ने भागायचं. बरोब्बर १३ येतात. प्रत्येक महिना चार आठवड्यांचा, रविवारी सुरू आणि शनिवारी संपणार, आणि जून आणि जुलैच्या मध्ये एक नवीन महिना, नाव सोल. (कल्पना पूर्ण नवी नव्हती, ऑग्युस्त काँत या फ्रेंच विचारवंताने १८४९ मध्येच २८ दिवसांचे १३ महिने सुचवले होते, पण त्याने महिन्यांना थोर माणसांची नावं दिली होती आणि ते काही चाललं नाही.)

वर्ल्ड कॅलेंडरवाल्यांना महिन्यापेक्षा तिमाही महत्त्वाची वाटली. त्यांनी ३६४ ला ४ ने भागलं, ९१ दिवसांची एक तिमाही, म्हणजे बरोब्बर १३ आठवडे. प्रत्येक तिमाहीत पहिला महिना ३१ चा आणि पुढचे दोन ३० चे, बस. यासाठी १९३० मध्ये संस्था काढली आणि आयुष्यातली पुढची पंचवीसेक वर्षं घातली ती न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ अकेलिस यांनी. मूळ कल्पना मात्र जुनी आहे, मार्को मास्त्रोफिनी या इटालियन धर्मगुरूने बिनवाराच्या दिवसाची युक्ती १८३४ मध्येच मांडली होती.

लक्षात ठेवायला सोपं म्हणून मी असं सांगतो की कॉट्सवर्थने महिना दुरुस्त केला आणि अकेलिसबाईंनी तिमाही दुरुस्त केली. दुसऱ्याचं काय झालं तर ते बिघडलं किंवा आहे तसं राहिलं. १३ चे चार समान भाग पडत नाहीत, त्यामुळे कॉट्सवर्थकडे तिमाही म्हणजे सव्वातीन महिने, सहामाही साडेसहा महिन्यांची. उलट वर्ल्ड कॅलेंडरमध्ये महिन्यांची लांबी अजूनही ३०-३१ अशी आहे आणि महिना कधी रविवारी, कधी बुधवारी, कधी शुक्रवारी सुरू होतो. पण त्यात एक गंमत आहे जी मला कागदावर मांडल्यावर दिसली आणि फार आवडली, ३१ च्या महिन्यात रविवार पाच येतात आणि ३० च्या दोन्ही महिन्यांत चार, त्यामुळे रविवार सोडून उरलेले दिवस प्रत्येक महिन्यात २६च होतात! म्हणजे कॉट्सवर्थची जी मूळ तक्रार होती, महिन्या-महिन्याची तुलना, ती तेरावा महिना न आणताच बऱ्यापैकी सुटते.

आणि माणसांना किती हलवावं लागतं यात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपली आजची १ जुलै ही कॉट्सवर्थकडे सोलची १४ तारीख होते. २९, ३० आणि ३१ या तारखा तर (लीप वर्षाचा दिवस आणि वर्षअखेरचा दिवस सोडला तर) नाहीशाच होतात. वर्ल्ड कॅलेंडरमध्ये साध्या वर्षी १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी आणि १ सप्टेंबर ते ३० डिसेंबर एकही तारीख हलत नाही, मधल्या महिन्यांतसुद्धा फरक पडतो तो फार तर दोन दिवसांचा. शुक्रवार आणि १३ तारीख एकत्र आलेली ज्यांना अशुभ वाटते त्यांच्यासाठी, वर्ल्डमध्ये ती वर्षातून ४ वेळा येते आणि फिक्स्डमध्ये दर महिन्याला, म्हणजे १३ वेळा.

पाठीराखे कोण हेही लोक उलटंपालटं सांगतात. कोडॅक कंपनीचा जॉर्ज ईस्टमन हा १३ महिन्यांच्या बाजूचा, त्याने पैसाही लावला आणि कोडॅकमध्ये १९२८ ते १९८९ हेच कॅलेंडर चाललं. राष्ट्रसंघापुढे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) १९३१ मध्ये जिनिव्हात परिषद झाली तेव्हा या दोन्ही योजना समोर होत्या आणि निर्णय काहीच झाला नाही. १९३२ मध्ये ईस्टमन गेला आणि १३ महिन्यांची चळवळ विझत गेली. वर्ल्ड कॅलेंडर पुढे टिकलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेपुढे १९५० च्या दशकात ते नेलं भारताने, आणि खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा हे त्याचे ठाम समर्थक होते. साहा यांच्याच समितीमुळे १९५७ मध्ये भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका आली, पण ती तिसरीच गोष्ट आहे, तिचा बिनवाराच्या दिवसाशी काही संबंध नाही, तीही यात मिसळू नका.

मग दोन्ही का पडली? बरेच जण म्हणतात लोकांना १३ आकडा नको होता. मला ते पटत नाही, कारण १२ महिन्यांचं वर्ल्ड कॅलेंडरही त्याच जागी अडकलं. अडचण होती त्या बिनवाराच्या दिवसाची. ज्यू लोकांचा शब्बाथ (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) दर सातव्या दिवशी येतो, त्यांची मोजणी कुठल्याही सरकारी दिवसासाठी थांबत नाही. आता वर्षाचा शेवटचा दिवस वाराशिवाय गेला की पुढच्या वर्षी खरा शब्बाथ छापील शुक्रवारी पडणार, त्याच्या पुढच्या वर्षी गुरुवारी, लीप वर्ष आलं की वर्षाच्या मधेच अजून एक दिवस मागे. म्हणजे त्या माणसाची सुट्टी, शाळा, दुकान सगळं दरवर्षी वेगळ्या वारी. ब्रिटनचे प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोसेफ हर्ट्झ यांनी जिनिव्हात याविरुद्ध मोठी लढाई दिली, शनिवार पाळणारे ॲडव्हेंटिस्ट ख्रिश्चनही विरोधात होते. १९५५ मध्ये अमेरिकेने नागरिकांचा धार्मिक विरोध हे कारण देऊन पाठिंबा नाकारला आणि पुढच्या वर्षी विषय बाजूला पडला. मला स्वतःला वर्ल्ड कॅलेंडरची रचना सुंदर वाटते तरी यात मी विरोध करणाऱ्यांच्याच बाजूने आहे, हिशोब सोपा व्हावा म्हणून कोणाचा पवित्र दिवस दरवर्षी सरकवणं हे न्यायाचं नाही.

म्हणूनच नंतरच्या योजनांनी बिनवाराचा दिवसच सोडून दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या स्टीव्ह हँकी आणि रिचर्ड हेन्री यांच्या कॅलेंडरमध्ये वर्ष ३६४ दिवसांचंच आहे, महिने ३०, ३०, ३१ असे, आणि मागे पडलेले दिवस साठवून दर पाच किंवा सहा वर्षांनी डिसेंबरनंतर एक आख्खा आठवडा जोडतात, त्यामुळे सात दिवसांची साखळी कुठेही तुटत नाही. बदल्यात ऋतूंच्या तारखा काही दिवस मागेपुढे होतात. हीच युक्ती आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) आठवडा क्रमांकात आजही रोज वापरात आहे, तिथे एरवी वर्षाला ५२ आठवडे असतात आणि अधूनमधून ५३, जसे २०२० ला होते आणि २०२६ लाही आहेत.