बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर आणि त्यावरून सर्व्हर सांभाळणं

सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरशिवाय आणखी एक छोटा, स्वतंत्र कंप्युटर बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर किंवा नुसतं बीएमसी म्हणतात. त्याच्या सॉफ्टवेअरमधून, लांब बसून, सर्व्हर चालू-बंद करता येतो, त्याची स्क्रीन बघता येते, बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरता येतं, पंखे-तापमान-पॉवर सप्लाय यांच्यावर नजर ठेवता येते आणि आपल्याकडची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) जोडून ऑपरेटिंग सिस्टिमही टाकता येते. एसएसएच (लांबच्या मशीनवर कमांड चालवायचा मार्ग) किंवा रिमोट डेस्कटॉप ही वेगळी गोष्ट, कारण ते ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असेल तरच चालतात. बीएमसीला तिची गरजच नसते, कर्नल पॅनिक होऊन, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोलमडून, मशीन आडवं पडलेलं असो, डिस्क उडालेली असो की सर्व्हर बंद करून ठेवलेला असो, तो उत्तर देतो. ह्यालाच आउट-ऑफ-बँड मॅनेजमेंट म्हणतात. कंपनीगणिक नाव बदलतं: एचपीईचं आयएलओ, डेलचं आयड्रॅक, लेनोवोचं एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, सिस्कोचं सीआयएमसी, फुजित्सूचं आयआरएमसी, ओरॅकलचं आयलॉम. सुपरमायक्रोच्या मशीनवरच्या ह्याच गोष्टीला बहुतेक जण सरळ 'आयपीएमआय' म्हणतात, ते खरं तर प्रोटोकॉलचं नाव, पण तसंच रूढ झालंय.

उगमाचा प्रश्न

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही. जास्त करून १९९८ सांगितलं जातं, कारण त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून इंटेलिजंट प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट इंटरफेस म्हणजे आयपीएमआयची १.० आवृत्ती जाहीर केली, आणि बीएमसी हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो त्यातूनच पक्का झाला. पण 'नेटवर्कवरून सर्व्हर सांभाळण्याची सुरुवात १९९८' असं जे बऱ्याच ठिकाणी बिनधास्त लिहिलेलं असतं ते तपासून घ्यायला हवं. १.० मध्ये भर होता तो सेन्सर, इव्हेंट लॉग, सुट्या भागांची माहिती आणि बोर्डावरच्या चिपांनी एकमेकांशी बोलायचा आय-स्क्वेअर-सी वरचा बस यांच्यावर. लॅनवरून किंवा मोडेमवरून आयपीएमआय चालवायची सोय रीतसर आली ती १.५ मध्ये, म्हणजे २००१ ला. त्यासाठीचा आरएमसीपी हा पॅकेटचा प्रकारही आयपीएमआयचा स्वतःचा नाही, डीएमटीएफ या संस्थेच्या अलर्ट स्टँडर्ड फॉरमॅटमधून तो उचललाय, आणि यूडीपी पोर्ट ६२३ त्याच्याबरोबरच आला. तेव्हा १९९८ ही फार तर मानकाच्या जन्माची तारीख म्हणता येईल.

दुसरं मत पीसी-सर्व्हरमध्ये घालायच्या कार्डांपासून सुरुवात धरतं. १९९० च्या दशकात कॉम्पॅकची रिमोट इनसाइट नावाची कार्डं होती, मोडेमवरून फोन लावायचा आणि अडकलेला सर्व्हर रीसेट करायचा असा तो प्रकार. पुढे त्याच घराण्यात लाइट्स-आउट एडिशन आली आणि साधारण २००२ च्या सुमाराला कार्ड जाऊन तेच काम करणारी चिप मदरबोर्डावर बसली, तिचं नाव आयएलओ. त्याच वर्षी कॉम्पॅक एचपीत विलीन झाली, त्यामुळे आयएलओला कोणी कॉम्पॅकचं अपत्य म्हणतं, कोणी एचपीचं. डेलचा ड्रॅकही आधी असाच कार्डाच्या रूपात मिळायचा, नावातला 'सी' आधी त्या कार्डाचाच होता, आता तो कंट्रोलरचा. सन मायक्रोसिस्टिम्सकडे एलओएम, एएलओएम, आयलॉम अशी वेगळीच रांग होती आणि आयबीएमकडे रिमोट सुपरवायझर अडॅप्टर.

तिसरं मत आणखी मागे जातं. डेक (डिजिटल इक्विपमेंट) कंपनीच्या व्हॅक्स-११/७८० या मिनीकंप्युटरमध्ये, जे मशीन १९७७ मध्ये जाहीर झालं, मुख्य प्रोसेसरच्या शेजारी एलएसआय-११ हा वेगळा छोटा प्रोसेसर कन्सोल म्हणून बसवलेला होता, त्याला स्वतःचा आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह होता, मुख्य मशीनचा मायक्रोकोड तो लोड करायचा, आणि दूरच्या तंत्रज्ञाला फोन लाइनवरून निदान करू द्यायची सोयही त्यात होती. मेनफ्रेमच्या जगातही सर्व्हिस प्रोसेसर होतेच. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर हे सगळे बीएमसीचे सख्खे पूर्वज ठरतात, पण पीसीवाल्यांनी ते बघून नक्कल केली असं दाखवणारा धागा काही सापडत नाही, बहुधा गरज तीच म्हणून उत्तरही तेच निघालं असावं. म्हणून कल्पना मिनीकंप्युटरच्या काळातली, आजची वस्तू कार्डांच्या वंशातली आणि भाषा तेवढी १९९८ ची, अशी वाटणी जास्त पटते.

वीज आणि वायर

सर्व्हर 'बंद' असतानाही बीएमसी चालू असतो कारण पॉवर सप्लायला वीज आहे तोवर त्याची स्टँडबाय लाइन चालू राहते, आणि चिप, तिची मेमरी, फ्लॅश, नेटवर्कचा तुकडा हे सगळं त्या लाइनवर असतं. केबल काढून परत लावली की बीएमसीला स्वतःला बूट व्हायला एखाद-दोन मिनिटं लागतात (बहुतेकांवर आत लिनक्सच असतं), तेवढ्यात पॉवर बटण दाबून काही होत नाही म्हणून घाबरणारे बरेच. चिप बऱ्याचदा तैवानच्या अस्पीड कंपनीची असते, एएसटी२४००, २५००, २६०० अशी मालिका, २६०० मध्ये दोन कोअरचा कॉर्टेक्स-ए७ आहे. हीच चिप सर्व्हरचं साधं व्हीजीए कार्डही असते, म्हणून तर तिला स्क्रीनवरचं चित्र उचलून नेटवर्कवर पाठवणं सोपं जातं.

नेटवर्क दोन तऱ्हांनी मिळतं. एक म्हणजे मागे वेगळं पोर्ट, सरळ हिशेब. दुसरी तऱ्हा साइडबँडची, म्हणजे सर्व्हरच्याच लॅन पोर्टमधून बीएमसीची पॅकेटं एनसी-एसआय नावाच्या जोडणीने बाजूला काढून घेतात, एका वायरवर दोन मॅक अ‍ॅड्रेस दिसतात. काही बोर्डांवर ह्या दोन्हींच्या मधली 'फेलओव्हर' सेटिंग असते आणि कारखान्यातून तीच लावून येते: वेगळ्या पोर्टात केबल दिसली नाही तर बीएमसी गुपचूप पहिल्या लॅन पोर्टवर सरकतो. ते पोर्ट इंटरनेटकडे तोंड करून असेल तर मॅनेजमेंटचं लॉगिन पान सगळ्या जगाला दिसायला लागतं, आणि सर्व्हरच्या मालकाला ह्याचा पत्ताही नसतो, कारण त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फायरवॉलला ही पॅकेटं दिसतच नाहीत.

आयपीएमआय २.० चं सेशन आणि त्यातली खोट

२००४ च्या २.० आवृत्तीत एईएस एन्क्रिप्शन आलं, सिरीयल-ओव्हर-लॅन (सर्व्हरचा अक्षरी कन्सोल नेटवर्कवरून बघायची सोय) मानकात आलं आणि लॉगिनसाठी आरएकेपी नावाची चार निरोपांची देवाणघेवाण आली. गोम ह्या देवाणघेवाणीतच आहे. पहिल्या निरोपात समोरचा माणूस युजरनेम आणि एक रँडम आकडा पाठवतो. दुसऱ्या निरोपात बीएमसी आपला रँडम आकडा, मशीनचा ओळख क्रमांक आणि त्या सगळ्यावर पासवर्डाची किल्ली लावून काढलेला एचमॅक, म्हणजे एक प्रकारचा हॅश, परत पाठवतो. म्हणजे समोरच्याला पासवर्ड माहितेय की नाही हे कळायच्या आधीच बीएमसी पासवर्डापासून बनलेला हॅश त्याच्या हातात देऊन टाकतो, त्याने फक्त खरं युजरनेम सांगितलं की पुरे, मग तो हॅश घरी नेऊन निवांत अंदाज मारत बसता येतं, एकदाही चुकीचं लॉगिन नोंदलं न जाता. शिवाय हा एचमॅक काढायचा तर बीएमसीला मूळ पासवर्ड जवळ ठेवावाच लागतो, एकतर्फी हॅश करून साठवून भागत नाही. ही खोट कुठल्या कंपनीच्या कोडातली नव्हे, मानकातलीच आहे, म्हणून पॅच मारून ती जात नाही. पासवर्डाला २० बाइटांची मर्यादा आहे ती वेगळीच.

ह्याहून बेक्कार सायफर शून्य. मानकातल्या सायफर संचांच्या यादीत शून्य क्रमांकाचा अर्थ ना ओळख तपासणी, ना एन्क्रिप्शन. तो संच चालू ठेवलेल्या मशीनवर युजरनेम बरोबर दिलं की पासवर्ड काहीही चालतो. डॅन फार्मर या सुरक्षा संशोधकाने २०१३ मध्ये आयपीएमआयच्या ह्या सगळ्या दुखण्यांकडे लक्ष वेधलं तेव्हा ती चर्चेत आली, तोपर्यंत मानक नऊ वर्षं वापरात होतं.

रोजचा वापर

ब्राउझरमधलं पान सगळ्यांना माहीत असतंच. कमांडवाले लोक आयपीएमआयटूल वापरतात, पॉवर स्टेटस बघणं, पुढच्या बूटला पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) लावणं, इव्हेंट लॉग काढणं ही नेहमीची कामं. 'सॉफ्ट' बंद करणं म्हणजे पॉवर बटण एकदा दाबल्यासारखं, ऑपरेटिंग सिस्टिमने ऐकलं तर ऐकलं. 'ऑफ' म्हणजे थेट वीज तोडणं, त्यात विचारपूस नाही. रॅकमधलं मशीन ओळखायला निळी एलईडी लुकलुकवायची कमांड आहे, साधीच, पण डिस्क बदलायला आलेल्या माणसाने शेजारचा चालता सर्व्हर ओढू नये यासाठी हिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

सिरीयल-ओव्हर-लॅनमध्ये बायॉसचा बॉड रेट (सिरीयल लाइनचा वेग) आणि लिनक्समधला कन्सोल जुळले नाहीत तर नुसती काळी स्क्रीन दिसते. बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब दाबतात. पण तुम्ही आधीच एसएसएचने कुठल्या तरी मधल्या मशीनवर असाल तर तोच इशारा एसएसएच पकडतं आणि तुमचं तेच सेशन तुटतं, म्हणून तिथे टिल्ड दोनदा.

इव्हेंट लॉगमधली एकेक नोंद १६ बाइटांची. जागा भरली की पुष्कळ मशीनवर नवीन नोंदी घेणंच बंद होतं, जुन्या पुसून पुढे जात नाहीत, त्यामुळे अधूनमधून लॉग काढून ठेवून साफ करावा लागतो. बीएमसीचं घड्याळ लागायच्या आधीच्या घटनांवर तारीखच नसते किंवा १९७० ची असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बिघाड वाटतं, तसं काही नाही.

रिमोट स्क्रीनचा भाग बरीच वर्षं जावाच्या आधाराने चालायचा. ब्राउझरांनी अ‍ॅप्लेट काढून टाकले आणि जावा ११ मधून २०१८ ला वेब स्टार्टही गेलं, तेव्हा जुन्या सर्व्हरांसाठी जुना जावा घातलेलं एखादं व्हर्च्युअल मशीन राखून ठेवायची वेळ अ‍ॅडमिन लोकांवर आली. नव्या मशीनवर एचटीएमएल५ चा कन्सोल असतो, काही कंपन्या त्यासाठी वेगळं लायसन्स मागतात.

क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या (नोडांच्या) गटात, बीएमसीचा एक खास उपयोग होतो तो फेन्सिंगचा: एखादा नोड बोलेनासा झाला की दुसरे नोड त्याच्या बीएमसीला वीज तोडायला सांगतात आणि तो खरंच मेला याची खात्री करूनच त्याचा डेटा हातात घेतात. अडचण अशी की त्या मशीनची सगळी वीजच गेली असेल तर बीएमसीही गेलेला असतो, खात्री मिळत नाही आणि क्लस्टर अडून बसतो. म्हणून जाणते लोक वीज तोडू शकणारी पॉवर पट्टी दुसरा मार्ग म्हणून जोडतात.

रेडफिश आणि ओपनबीएमसी

आयपीएमआयच्या जागी डीएमटीएफने ऑगस्ट २०१५ मध्ये रेडफिश आणलं, एचटीटीपीएसवर जेसन (साध्या मजकुरातली माहिती) पाठवायचं, म्हणजे वेब प्रोग्रामिंग येणाऱ्या कोणालाही वापरता येतं. आयपीएमआयच्या मानकात त्यानंतर नवं काही आलेलं नाही, पण वापर थांबलाय असंही नाही. बीएमसीच्या आत चालणारा फर्मवेअर (चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आधी पूर्ण बंदिस्त असायचा, बऱ्याच बोर्डांवर एएमआय कंपनीचा मेगारॅक. फेसबुकने २०१५ मध्ये ओपनबीएमसी उघडा केला, आयबीएमनेही त्याच नावाने आपलं वेगळं काम चालू केलं होतं, आणि २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली प्रकल्प उभा राहिला. आज ज्याला ओपनबीएमसी म्हणतात तो मुख्यतः आयबीएमच्या शाखेतून वाढलेला आहे, फेसबुकचा कोड वेगळाच राहिला.

सुरक्षितता

बीएमसीत शिरलेला माणूस म्हणजे सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसलेला माणूस, असं धरूनच चालावं. फॅक्टरीतून येणारे युजरनेम आणि पासवर्ड जगजाहीर होते, डेलचा 'रूट' आणि 'कॅल्व्हिन', सुपरमायक्रोचा दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन'. नेटवर्कला जोडायच्या सगळ्या उपकरणांना एकच ठरलेला पासवर्ड नको असा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्या सुमारास कंपन्या प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देऊ लागल्या, तो चिठ्ठीवर छापून येतो.

मोठ्या दोषांपैकी आयएलओ ४ मधला २०१७ चा दोष चमत्कारिकच: वेब विनंतीच्या एका हेडरमध्ये इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहिलं की लॉगिन न करताच आत प्रवेश. २०२१ च्या अखेरीस इराणच्या अम्नपरदाज कंपनीने आयएलओमध्ये लपणाऱ्या आयएलओब्लीड या रूटकिटची (लपून राहणाऱ्या घातक सॉफ्टवेअरची) माहिती दिली. हे रूटकिट फर्मवेअर अपडेट होऊच देत नव्हतं, पण झालं असं दाखवून नवा आवृत्ती क्रमांकही छापायचं. लॉगिन पानाचा तोंडवळा मात्र जुन्याच आवृत्तीचा राहायचा आणि त्यावरून ते ओळखता यायचं. मेगारॅकमधला लॉगिन चुकवायचा एक दोष २०२५ मध्ये उघड झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तो प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत घातला.

उपाय म्हणून सगळे तेच सांगतात आणि ते बरोबरही आहे: मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरांवरच्या वेगळ्या नेटवर्कवर), तिथे फक्त व्हीपीएन किंवा मधल्या मशीनवरून प्रवेश, रेडफिशने भागत असेल तर लॅनवरचं आयपीएमआय बंद, फर्मवेअर वेळच्या वेळी अपडेट. कमी सांगितलं जातं ते सर्व्हर विकताना किंवा भंगारात देताना काय करायचं हे. डिस्का पुसल्या तरी बीएमसीचे युजर, पासवर्ड, आयपी आणि कंपनीच्या युजर डिरेक्टरीत लॉगिन करायचं खातं त्याच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये तसंच राहतं, ते घालवायला बीएमसीचा फॅक्टरी रीसेट वेगळा करावा लागतो, आणि जुन्या बोर्डांवर रीसेटनंतरही काही नोंदी उरू शकतात म्हणून तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या मशीनवर असेल तर तिथलाही बदलावा.