बिळकरी सरीसृपांची कवटी

डोके मातीत खुपसून वाट काढणाऱ्या साप, सरडेवर्गीय व अँफिस्बीनियन (गांडुळासारखे दिसणारे, बहुतेक पायहीन सरीसृप) प्राण्यांच्या कवटीची ही तुलना आहे. पायांनी बीळ उकरणारे सरीसृप यात धरलेले नाहीत, कारण त्यांच्या कवटीला मातीचा दाब सोसावा लागत नाही. देवगांडुळेही डोक्यानेच माती फोडतात, पण ती उभयचर आहेत.

या प्राण्यांची कवटी लहान व घट्ट सांध्यांची असते. डोळ्याची खोबण आक्रसलेली आणि गालाकडच्या हाडांच्या कमानी नाहीशा झालेल्या किंवा नावापुरत्या उरलेल्या असतात. ललाटास्थी (कपाळाचे हाड) व पार्श्विका (त्यामागचे डोक्याच्या छताचे हाड) बाजूंनी खाली उतरून मेंदूभोवती बंद पेटी तयार करतात. मात्र यातले सगळेच मातीमुळे घडले असे नाही. देह बारीक होत गेला, तरी मेंदू व आंतरकर्ण त्या प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे जबड्याच्या स्नायूंना जागा उरत नाही व हाडांची मांडणी बदलते, याकडे प्राणिशास्त्रज्ञ ऑलिव्हिए रिपेल यांनी 1984 मध्ये लक्ष वेधले.

महाराष्ट्रात कुंडीच्या मातीत सापडणारा वाळा टिफ्लॉपिडी कुलातला आहे. त्याच्या खालच्या जबड्यात दात नसतात. वरच्या जबड्याचे दात असलेले छोटे हाड तोंडात आडवे बसलेले असते व पुढे-मागे फिरून मुंग्यांची अंडी, अळ्या, कोश आत ओढते. लेप्टोटिफ्लॉपिडी या वाळ्यासारख्याच बारीक सापांच्या कुलात नेमके उलट आहे. तेथे वरचा जबडा बिनदाताचा असतो आणि खालच्या जबड्याची दात असलेली टोके झपाट्याने आत-बाहेर होतात. ही हालचाल 1999 मध्ये प्रथम नीट नोंदली गेली. माती तीच, भक्ष्यही जवळपास तेच, तरी दात विरुद्ध जबड्यांत! बिळवासाने कवट्या एकसारख्या होतात हे विधान म्हणूनच जपून करावे लागते.

खापरखवल्या (यूरोपेल्टिडी कुल) हे दक्षिण भारत, सह्याद्री व श्रीलंकेतले साप. त्यांचे मुस्कट निमुळते व टोकदार असते. यूरोपेल्टिस प्रजातीत कवटीच्या मागील बाजूची व कानाभोवतीची हाडे जुळून एकजीव होतात. मानेच्या मणक्यांशी जुळणारा कवटीचा उंचवटा लांबट असल्याने डोके मोकळेपणाने वळते. शरीराचा पुढचा भाग लाल, न थकणाऱ्या स्नायूंनी भरलेला असतो. तेथे कण्याला वळणे पडून अंग बिळात रुतते आणि त्या आधारावर डोके पुढे रेटले जाते. 1978 मध्ये हे वर्णन करणाऱ्या संशोधकांनी या पद्धतीला मालगाडीची उपमा दिली. बाकीचे अंग मागून नुसते ओढले जाते. मेलॅनोफिडियम ही या कुलातील तुलनेने कमी बदललेली प्रजाती मानतात. तिची महाराष्ट्र, गोवा व कर्नाटकात आढळणारी एक जाती 2016 मध्ये सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या नावाने नोंदली गेली.

अँफिस्बीनियन भारतात नाहीत. त्यांच्या सुमारे 200 जाती प्रामुख्याने आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत आहेत. ललाटास्थी व पार्श्विका यांचा सांधा नागमोडी दात्यांनी एकमेकांत अडकलेला असतो. वरच्या जबड्याच्या मध्यभागी एकच मोठा दात असून तो खालच्या दोन दातांमध्ये बसतो. या रचनेमुळे भक्ष्याचे लचके तोडता येतात. डोक्याचे गोल, फावड्यासारखे, उभ्या धारेचे आणि आडव्या हालचालीने माती खरवडणारे असे चार प्रकार सांगतात. फ्लोरिडातील ऱ्हिन्यूरा व दक्षिण अमेरिकेतील लेपोस्टेर्नॉन यांचे फावडी डोके पाहून ती जवळची नाती वाटतात. जुन्या संग्रहांतील हाडांमधून मिळवलेल्या डीएनएच्या आधारे 2004 मध्ये दिसले, की हे डोके एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडले आहे.

सर्वांत मोठा वाद सापांच्या उगमाचा. जीवाश्मतज्ज्ञ कोप यांनी 1869 मध्ये सापांचा संबंध मोसासॉर या नामशेष सागरी सरीसृपांशी जोडला होता. भारतीय प्राणिशास्त्रज्ञ बेनी चरण महेंद्र यांनी 1938 मध्ये बिळवासी पूर्वजाची बाजू मांडली. सापाच्या डोळ्याची घडण जणू क्षीण झालेला डोळा पुन्हा उभारल्यासारखी आहे, हा डोळ्यांचे अभ्यासक वॉल्स यांचा युक्तिवादही त्याच सुमाराचा. 1997 मध्ये पॅकिऱ्हॅकिस या मागचे पाय असलेल्या सागरी सापाच्या जीवाश्मावरून सागरी मत पुन्हा पुढे आले. 2015 मध्ये डिनिलिसिया पॅटागोनिका या उत्तर क्रिटेशस काळातील (डायनासोर युगाच्या अखेरच्या टप्प्यातील) सापाच्या आंतरकर्णाच्या सीटी स्कॅनवरून तो बिळवासी ठरवला गेला, पण 2017 मधील फेरतपासणीने त्या निष्कर्षाला आव्हान दिले. 2018 मध्ये कवटीच्या आकाराच्या व्यापक अभ्यासातून आजच्या सर्व सापांचा समाईक पूर्वज लहान व बिळवासी असावा असे मत आले. 2019 मध्ये वर्णिलेल्या नजाश या जीवाश्म सापाच्या कवट्यांत मात्र गालाचे हाड टिकून आहे, आणि तो साप कृमीसारखा लहान नव्हता. बंद मेंदूपेटी धडपडणाऱ्या भक्ष्यापासूनही मेंदू वाचवते, म्हणून केवळ तिच्यावरून बिळवास सिद्ध होत नाही. तरीही डोळा, कान व कवटी यांचा एकत्र विचार करता भूमिगत पूर्वजाचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मांडुळाचे मुस्कट पाचरीसारखे झाले असले, तरी उंदीर गिळावे लागत असल्याने जबडे सैलच राहिले आहेत. त्याच्या आखूड, बोथट शेपटीत कवटीचा अंशही नाही. तरी दुसऱ्या तोंडाच्या समजापायी या निरुपद्रवी प्राण्याची तस्करी होते, ही खेदाची गोष्ट आहे.

निकोबार बेटांवरील डिबॅमस हा पायहीन दिसणारा सरडा कवटीवरून पूर्वी साप व अँफिस्बीनियन यांच्या शेजारी ठेवला जाई. रेणवीय अभ्यासांत त्याची शाखा सरडे-सापांच्या वंशवृक्षाच्या बुडाशी येते, तर अँफिस्बीनियन लॅसर्टिडी कुलातील सरड्यांजवळ जातात.