दुसऱ्या कंपनीचे स्पीकर चालतील?

माझा मामा बोटीवर होता. १९८० च्या दशकात एका सुट्टीला येताना त्याने सिंगापूरहून जपानी ॲम्प्लिफायर आणला. फोंड्याच्या घरी, वसरीला लागून असलेल्या खोलीत तो अजून आहे. चंदेरी दर्शनी बाजू, उचलायला दोन माणसं लागतील असं वजन. आवाजाचं बटण फिरवताना बोटांना आजही लोण्यासारखं मऊ लागतं. स्पीकरच्या कडेचा फोम मात्र भुगा होऊन गळला. मामी म्हणाली, "ह्याच कंपनीचे आता मिळत नाहीत. दुसऱ्या कंपनीचे लावले तर चालतील मरे?"

बोटीवरून किंवा आखातातून आलेली अशी यंत्रं गोव्यात पुष्कळ घरांत आहेत. जोडीदार मिळत नाही म्हणून त्यातली कितीतरी भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण मामीच्या प्रश्नाचं उत्तर 'चालतात' असं आहे. ॲम्प्लिफायरला समोरच्या पेटीवरचं नाव दिसत नाही. तारेतून किती व्होल्ट येतात आणि पलीकडची पेटी किती करंट ओढते, एवढ्यावर सगळं ठरतं.

आधी मागची पाटी वाचा. यंत्र खास जपानमधल्या वापराचं असेल तर ते १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलं तर जळेल, त्याला व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. बाहेरच्या देशांसाठी बनवलेल्या पुष्कळ सेटना मागे व्होल्टेज बदलायची खाच असते. मामाच्या सेटला ती होती.

त्याच पाटीवर स्पीकरसाठी '८ ते १६ ओहम' असं लिहिलं होतं. ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप. तिथे ४ ओहमचा स्पीकर लावला तर तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढला जातो आणि ट्रान्झिस्टर तापतात. मेच्या उकाड्यात, काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या ॲम्प्लिफायरला हे झेपत नाही. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबेल आवाज मिळतो तो. ९० डेसिबेलचा स्पीकर ३० वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८४ च्या स्पीकरला १२० वॅट लागतात. जुन्या, कमी वॅटच्या ॲम्प्लिफायरला म्हणूनच जास्त डेसिबेलचा स्पीकर द्यावा.

काही ॲम्प्लिफायर दोन पेट्यांत येतात: सिग्नल निवडून आवाज कमीजास्त करणारा प्रीॲम्प आणि स्पीकरला ताकद देणारा पॉवर ॲम्प. प्रीॲम्प एका कंपनीचा आणि पॉवर ॲम्प दुसऱ्या कंपनीचा घेतला तर हिशेब थोडा नाजूक होतो, आणि मला सगळ्यात जास्त गोडी याच हिशेबाची आहे. प्रीॲम्पच्या आउटपुटला स्वतःचा काही अडथळा असतो, पॉवर ॲम्पच्या इनपुटला स्वतःचा. सिग्नलचं व्होल्टेज या दोघांत वाटलं जातं. आउटपुट १०० ओहम आणि इनपुट १०,००० ओहम असेल तर वाटेत फक्त एक टक्का हरवतो, कानाला पत्ताही लागत नाही. इनपुट निदान दहापट असावा, असा साधा ठोकताळा आहे. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत तो बहुतेक वेळा आपोआप पाळला जातो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, प्रीॲम्पचं तसं नाही. त्याच्या आउटपुटला एक कपॅसिटर असतो आणि खालच्या सुरांना तो जास्त अडवतो. समजा तो ०.२२ मायक्रोफॅरडचा आहे आणि पुढचा इनपुट १०,००० ओहमचा. मग साधारण ७० हर्ट्झपासून खाली आवाज उतरू लागतो, आणि डग्ग्याचा घुमारा पातळ होतो. तोच प्रीॲम्प १ लाख ओहमच्या इनपुटला जोडा, ती हद्द ७ हर्ट्झच्या आसपास जाते आणि डग्गा परत भरून येतो. दोन्ही यंत्रं उत्तम असतात. ऐकणारा मात्र 'या कंपन्यांचं एकमेकांशी जमत नाही' म्हणतो, आणि विकून मोकळा होतो.

रेकॉर्ड प्लेअर 'फोनो' लिहिलेल्या जागीच लावायचा. साध्या सुईच्या कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. फोनोचं सर्किट ते उलटं फिरवून मूळपदावर आणतं.

आता मामीच्या घरची घूं. नवे स्पीकर लावल्यावर मामेभावाने संगणक आणि खालच्या सुरांसाठी वेगळा, विजेवर चालणारा स्पीकरही जोडला. केसरबाई केरकरांचं गाणं लावलं, तर तंबोऱ्याच्या मागे कुठल्याच षड्जाशी न जुळणारा एक भलताच सूर. दोन्ही नव्या वस्तू तीन पिनांच्या, दोन वेगवेगळ्या बोर्डांवर. दोघांचं अर्थिंग भिंतीतून जोडलेलं, आणि सिग्नलच्या तारेच्या जाळीतून, मामाच्या ॲम्प्लिफायरमार्गे पुन्हा जोडलेलं. असं कडं तयार झालं की त्यात ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि तो ऐकू येतो. दोन्ही पिना एकाच बोर्डावर आणल्या, घूं थांबली. अशा वेळी काही जण अर्थची पिन कापतात. कृपा करून कापू नका, आत बिघाड झाला तर पत्र्यात करंट उतरतो आणि जीव जातो. एका बोर्डाने भागलं नाही तर सिग्नलच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा, तो सिग्नल पुढे जाऊ देतो पण तारांचं कडं तोडतो.

एक गोष्ट समुद्राजवळच्या लोकांसाठी. मामीच्या घरी डावा स्पीकर मध्येच मुका व्हायचा. पिन काढून पाहिली. पिनेवर सोन्याचा मुलामा, सॉकेटवर कथलाचा, आणि सॉकेटच्या कडेला काळपट कडी. खारी, दमट हवा आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की कथलाची बाजू खराब होत जाते. वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी करताना मी आता हेच आधी पाहतो: कथलाला कथलाचीच पिन, सोन्याला सोन्याची. पावसाळा संपला की ॲम्प्लिफायर बंद करून एकेक पिन काढायची, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायची आणि घट्ट बसवताना दोनदा फिरवायची. मामीकडे हे काम चवथीनंतरच्या पहिल्या कोरड्या रविवारी होतं.